वाजणारा फायरवॉल

कोचिंगचे वर्ग ऑनलाइन झाले तेव्हा मुलीसाठी घरात कंप्युटर आला, आणि त्याला बाहेरची घुसखोरी अडवणारा फायरवॉल कोणता घ्यायचा यावरून मी लातूरच्या दुकानात स्वतःचं हसं करून घेतलं. दुकानदार सांगत होता, "सर, कंप्युटरात आधीच एक हाय, तेवढा पुरे. न्हाईतर हा घ्या. गप काम करतो, तुमाला कळत बी न्हाई."

"कळत नाही म्हणजे? वाजत नाही?" मी विचारलं. शेजारचं गिऱ्हाईक फिसकन हसलं. मुलगी खाली बघत उभी राहिली. मी हट्टानं सगळ्यात जास्त बोंबलणारा घेतला.

मी शाळेत भूगोल शिकवतो. भूकंप आधी वर्दी देत नाही, हे दरवर्षी मुलांना सांगतो. पण त्र्याण्णवच्या भूकंपात गावाकडचं आमचं दगडमातीचं घर बसलं, धाकटी बहीण त्यात गेली, आणि वर्दी न देणाऱ्या गोष्टींवरचा माझा विश्वासच उडाला. तेव्हा लोक तांब्यावर पेला उपडा ठेवून झोपायचे. हादरा बसला की पेला पडायचा, जाग यायची. पुढे सगळ्यांनी ते सोडलं. मी मात्र पाहुणे हसायला लागले तेव्हा कुठे सोडलं.

फायरवॉल मनासारखा निघाला. जरा काही खुट्ट झालं की कोकलायचा. एका दुपारी मुलगी माइक सुरू करून सरांना शंका विचारत होती. लाजाळू पोर, मोठ्या धीरानं बोलत होती. तेवढ्यात तो कोकलला. डुलकीत असलेला मी धावत गेलो, तिचा दंड धरला आणि ओरडलो, "बाहेर पळ! बाहेर!"

पडद्यावर अख्खा वर्ग हसत होता. मी बनियनवर उभा. तिची शंका अर्धीच राहिली. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला, तिच्याकडे बघवेना.

संध्याकाळी ती म्हणाली, "पप्पा, त्याचा आवाज बंद केलाय. अडवायचं काम तो करतोच." माफी मागणं काही जमलं नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गाच्या वेळी चहा घेऊन गेलो. तिच्या मागच्या फडताळावर तांब्या होता, त्यावर पेला उपडा. आत्याचं आणि पेल्याचं तिला मी कधीच सांगितलं नव्हतं. तिच्या आईनंच सांगितलं असणार.

"माझ्या कानात हेडफोन असतोय," ती म्हणाली. "पेला पडला तर दंड धरा. मी खरंच पळीन."

कॅमेरा सुरू होता. तांब्या-पेला सगळ्या वर्गाला दिसत होता. मी मात्र कुणाला दिसू नये म्हणून चहा धरून दाराआड उभा होतो.