तात्यांचं पहिलं पाऊल

एक पाऊल टाकायला दीड वर्ष घेणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, तो म्हणजे माझ्या बायकोचे थोरले काका, काटेवाडीचे तात्या. सगळी हयात उसात काढलेला हा गडी सत्तरीत ताई ची हा चिनी व्यायाम शिकायला लागला. काकूंना कंपवात झाला होता, चालताना तोल जायचा. ह्या व्यायामाने पाय स्थिरावतात असं डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी बारामतीत शिकवणाऱ्या एका बाईंचा पत्ता दिला. काकूंना न्यायचं सोडून तात्या एकटेच गेले. म्हणाले, "आधी मी शिकतो, मग तिला शिकवतो. कच्चं ग्यान घरात नको." तात्यांचं सगळंच असं. नवा ट्रॅक्टर आणला तेव्हाही महिनाभर चावी कपाटात ठेवून ते नुसते सीटवर बसून गिअर टाकत होते.

सराव उसाच्या सरीत. पायांत खांद्याएवढं अंतर ठेवा, असं बाईंनी सांगितलेलं. तात्यांनी एक पाय ह्या वरंब्यावर, दुसरा पलीकडच्या वरंब्यावर ठेवून गुडघे वाकवले. सरी साडेचार फुटी. मी आणि मेहुण्याने त्यांना उचलून बाहेर काढलं. "खांदे एवढे रुंद आहेत का तुमचे?" मी विचारलं. "वझी वाह्यल्यालं खांदं हायती, तुमच्यावानी हापिसातलं न्हायती," तात्या शांतपणे म्हणाले.

पुढे ते पावलावर अडले. सगळं वजन एका पायावर घ्यायचं, दुसरा रिकामा करायचा, मगच उचलायचा. अंगणात पाणी मारून ते ओल्या मातीतले स्वतःचे ठसे वाकून तपासायचे. काकू ओट्यावरून बघायच्या. "अवो, आता मला उभं करा की," म्हणायच्या.

"थांब जरा. माझाच पाय अजून कच्चा हाय. चुकीचं शिकवलं आन् पडलीस म्हंजे?"

आम्ही हसायचो. मीही हसलो, ह्याचं आज फार वाईट वाटतं.

दिवाळीत बाईंनी एकदाचं तात्यांना पास केलं. तोवर काकूंनी अंथरूण धरलं होतं. तात्या पलंगाशी उभे राहून त्यांना पाऊल टाकून दाखवायचे, आणि खरं सांगतो, सुरेख टाकायचे. संक्रांतीच्या आधी काकू गेल्या.

परवा भेटायला गेलो. सराव चालू आहे का, विचारलं. तात्यांनी मानेनंच नाही म्हटलं. मग चहाचा कप बाजूला सारून म्हणाले, "ती पडंल म्हणून भ्यालो, जावईबापू. पडली असती तर पडली असती. मी होतो की धरायला."

जावयाने सासऱ्याचा हात हातात घ्यायची आमच्यात रीत नाही. मी घेतला.