शिकागोचा बर्फ

फ्रीजरमधला बर्फ चमच्याने खरवडायला बसलो की त्याच्या गार, शिळ्या वासाने मला तो जानेवारी आठवतो. शिकागोवर मोठं हिमवादळ येणार होतं आणि मुलगा तिथे नोकरीला होता. मस्कतमधल्या कुरुमच्या ऑफिसात बसून मी तीन दिवस मोबाइलवर हवामानाच्या नकाशातला तो जांभळा पट्टा पुढे सरकताना बघत होतो. अर्बाबसुद्धा, म्हणजे आमचा ओमानी मालक, येता-जाता विचारायचा, बर्फ कुठवर आला? शुक्रवारी संध्याकाळी घरी चहा तसाच ठेवून मी मुलाला फोन लावला. "उद्या बाहेर पडू नकोस. दूध-ब्रेड आणून ठेव. नळ थोडा चालू ठेव, नाहीतर पाइप गोठतो." पलीकडून मस्कतच्या शाळेतलं ते अडखळतं मराठी आलं, "बाबा, मी तिकडे नाही राहत आता. कॅलिफोर्नियाला शिफ्ट झालो. सिक्स मंथ्स झाले. मम्मीने नाही सांगितलं?" समोर बायको मेथी निवडत होती. तिने मान वर केली नाही. "सांगितलं असतं तर तुम्ही त्याला लेक्चर दिलं असतं," एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवशी शिकागोत बर्फ अगदी अंदाजाप्रमाणे पडला. आजही तिथलं हवामान मला तीन दिवस आधी कळतं. माझ्या घरातलं मात्र सगळ्यांच्या नंतर.