वैशालीचा दुसरा एमआरआय

हे मी अजून कुणाजवळ बोललेली नाही. नवऱ्याजवळ नाही, मुलीजवळ नाही — आणि जिला सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं, तिच्याजवळ तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही. म्हणून तुम्हाला सांगणं कदाचित जमेल. बघते.

मी नर्स आहे. कर्जतच्या एका लहान खासगी दवाखान्यात बावीस वर्षं झाली. राहायला शेलूला. माहेर कोंडाण्याच्या अलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी. तिथं माझा धाकटा भाऊ मिलिंद, त्याची बायको वैशाली आणि आमची आई. मिलिंद खालापूरच्या बाजूला एका कंपनीत शिफ्टला जातो. घरात दवाखान्यातलं कळणारी मी एकटीच, त्यामुळे कुणाला साधा ताप आला तरी पहिला फोन मला. मी म्हणेन ते खरं. आणि हे मला आवडायचं — तेही सांगून टाकते.

आई पडली, तिचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण त्यानंतर ती स्वतःच्या पायांवर अशी उभी राहिलीच नाही. तिला उठवणं, बेडपॅन देणं, न्हाणीत नेऊन अंघोळ घालणं, सगळं वैशाली करायची. मी रविवारी जायचे. आईची नखं कापायचे, केस विंचरायचे, संध्याकाळी परत. शेजारच्या बायका म्हणायच्या, लेक असावी तर अशी. वैशाली तिथंच आईची चादर पिळत असायची. तीही हसून मान डोलवायची.

मग वैशालीला त्रास सुरू झाला. आधी डाव्या हाताला मुंग्या. हातातली वाटी सुटायची. मग एका डोळ्याने धुरकट दिसायला लागलं, ते पंधरा दिवसांनी आपोआप गेलं. मग पाय. चालताना चप्पल निघून मागे राहायची आणि तिला कळायचंही नाही. मीच तिला पनवेलला मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. एमआरआय काढला. पाऊण तास त्या नळीत पडून राहिली बिचारी. रिपोर्टमध्ये काही म्हणजे काही नव्हतं.

वैशाली आत कपडे बदलत होती तेव्हा डॉक्टर मला म्हणाले, यात दिसलं नाही म्हणजे काही नाहीच असं समजू नका. त्रास राहिला तर सहा महिन्यांनी परत काढा, आणि मानेचाही काढा. त्यांनी कागदावर तसं लिहून दिलं, इंग्रजीत. मी तो फाइलला लावला. फाइल माझ्या घरी.

त्रास राहिला. कमी व्हायचा, पुन्हा उलटायचा. सहावा महिना लागला आणि एका दुपारी तिचा फोन आला. मी ड्रेसिंगच्या खोलीत होते.

"ताई, पाय लय घासतो हो. डॉक्टर परत फोटो काढायला बोलले व्हते काय? तुमी सांगाल तसं."

मी लगेच बोलले नाही. किती वेळ? फार तर तीन-चार श्वास. तेवढ्यात माणूस किती लांबचा विचार करतं, तुम्हाला ठाऊक आहे? दुसऱ्या फोटोत काही निघालं, तर वैशालीच्याने काम होणार नाही. मग आई कुठं जाणार? माझ्याकडे. माझ्या दोन खोल्या, मुलीची बारावी, माझ्या ड्युट्या — हे सगळं खरं होतं. पण कारण ते नव्हतं. मला आईचं करायचं नव्हतं. परक्या माणसांचं सगळं मी रोज करते, तोंड वाकडं न करता करते. आईचं नको होतं. रविवारची लेक होते तेवढीच मला बरी वाटत होती.

"काही गरज नाही गं," मी म्हणाले. "रिपोर्ट क्लिअर आहे ना? अशक्तपणा आहे. गोळ्या पाठवते."

"बरं ताई. तुमी बोलता म्हंजे झालं."

तिला केवढं हायसं वाटलं होतं! ते मला फोनवरही कळलं.

इथंच थांबले असते तरी — पण नाही. चार दिवसांनी मिलिंदने विचारलं तेव्हा मी त्याला म्हणाले, "फोटोत काही नाही रे. आजारी माणसाचं करून कंटाळा येतो, मग दुखणी सुचतात." माझ्या मनातलं मी तिच्या माथी मारलं. मिलिंद तिच्यावर खेकसायला लागला. तिने दुखणं सांगायचं सोडून दिलं. आणि मी? रविवारी जाऊन तिचा पाय कसा पडतोय ते बघायचे. बघायचे — आणि नजर आईकडे वळवायचे.

असे चौदा महिने.

मग एका सकाळी न्हाणीतून आईला उठवताना वैशालीचा पाय गेला आणि दोघी पडल्या. आईला फारसं लागलं नाही, कारण वैशाली तिच्या खाली होती. तिला मात्र उठताच येईना. कमरेखाली जोरच नव्हता.

दुसरा एमआरआय तेव्हा झाला. मेंदूत डाग होते, मानेतल्या मज्जारज्जूतही होते. हे डॉक्टर वेगळे. त्यांनी समजावून सांगितलं, आजार पूर्ण बरा होत नाही, पण औषधांनी रोखून धरता येतो. जे आधीच गेलंय ते सगळं परत मिळेल असं नाही. मग सहज विचारलं, "पहिल्यानंतर परत काढायला कुणी सांगितलं नव्हतं का?"

मिलिंदने माझ्याकडे पाहिलं. फाइल माझ्या मांडीवर होती. त्यातला तो कागद मी सकाळी घरातून निघताना काढून ठेवला होता. हो — आठवणीने काढला होता.

मी तोंड उघडण्याआधीच व्हीलचेअरवरून वैशाली बोलली. "ताई बोलत व्हत्या परत काढ म्हनून. मीच नको बोलले. मला त्या मशिनीची भीती वाटली."

डॉक्टरांनी मला विचारलं, "असं झालं का?"

मी मान हलवली. हो म्हणून.

ती असं का बोलली? तिला सगळं कळलं होतं? की चारचौघांत मला कमीपणा येऊ नये, एवढंच? मला माहीत नाही. विचारायची हिंमत झालेली नाही.

आई शेवटी माझ्याकडेच आली. आठ महिने होती, माझ्याच घरी वारली. तिचं सगळं मी केलं. ते केलं म्हणून आधीचं काही पुसलं जात नाही, आणि मी तसं म्हणतही नाही. वैशाली आता वॉकर धरून दारापर्यंत येते. औषधं चालू आहेत. स्वयंपाक बसून करते.

मिलिंद वाईट नाही. पण ड्युटी करून येतो, घरचं बघतो, थकतो. मग त्याच्या तोंडून निघतं. मागच्या रविवारीही निघालं. मी समोरच्या खुर्चीत बसले होते. तिच्या पायाला पट्टा बांधता बांधता तो म्हणाला, "तवाच ताईचं ऐकली असतीस, तर आज ही येळ आली नसती."

वैशालीने मान खाली घातली.

"जाऊ दे रे मिलिंद," मी म्हणाले. "आजारी माणसाला असं बोलू नये."

तो ओशाळला. वैशालीने वर बघितलं, माझ्याकडे, आणि विचारलं, "ताई, चहात साखर बरोबर हाय ना?"

मी म्हणाले, बरोबर आहे.