सलाइनच्या आधीचं रक्त

मुलांच्या इस्पितळात रक्त काढणाऱ्या बाईंना सगळे सुईबाई म्हणत. तीस वर्षं त्यांनी पोरांच्या शिरा शोधल्या होत्या. हात इतका हलका, की पोर रडायला तोंड उघडेपर्यंत काम झालेलं असे. जीभ मात्र तिखट. आईबापांनी मध्ये लुडबूड केली की म्हणत, "तुम्ही काढता का? मग मी घरी जाते."

या फटकळ बाईंचा जीव जडला होता शिंप्याच्या ठमीवर. ठमी आठ वर्षांची. तिच्या अंगात आजाराशी लढणाऱ्या अँटीबॉडी तयारच होत नसत. दर तीन आठवड्यांनी दुसऱ्यांच्या रक्तातून काढलेल्या अँटीबॉडी तिला सलाइनमधून देत, आणि त्या हळूहळू संपून जात. म्हणून रक्त तपासायचं ते सलाइनच्या आधी. मागचं किती उरलंय ते तेव्हाच कळतं. नंतर काढलं तर आकडा फुगलेलाच येणार. हा नियम नव्या मुलींना सुईबाईच दटावून शिकवत.

शिंपी गिऱ्हाइकांच्या मापांच्या वहीत मागच्या पानावर ठमीचे आकडे लिहायचा. चारशे दहा, तीनशे साठ, दोनशे नव्वद. "पोर वाढतेय बाई, आणि माप आटतंय," तो एकदा म्हणाला. आकडा पाचशेच्या वर गेला तर शाळेचं बघू, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्याने उरल्यासुरल्या कापडाचं दप्तर कधीच शिवून ठेवलं होतं.

डॉक्टरांनी डोस वाढवला. पुढच्या खेपेला ठमीची शीर काही केल्या सापडेना. तिसऱ्यांदा टोचलं तेव्हा सुई बसली, पण तिच्यातून नळीपुरतं रक्त येईना. ठमी रडली नाही, नुसती थरथरत राहिली. सुईबाईंचा जीव कळवळला. "राहू दे गं, नंतर बघू," म्हणून त्यांनी त्याच सुईला सलाइन लावली. ती संपेपर्यंत दुसऱ्या हाताची शीर छान वर आली होती. एका टोचण्यात नळी भरली. फॉर्मवर 'सलाइनच्या आधी' या चौकटीत सवयीने खूण गेली, पुढचं पोर किंचाळत आत आलं, आणि बाई विसरल्या.

आकडा आला नऊशे चाळीस. वाढवलेला डोस लागू पडला, असं डॉक्टरांनाही वाटलं. ठमी दप्तर घेऊन शाळेत गेली. शिंपी बाईंना मुद्दाम सांगायला आला, "तुमच्या हाताला यश आहे."

"माझा हात कसला, तुमची पोरगीच चिवट आहे," बाई म्हणाल्या आणि दिवसभर कुणावर खेकसल्या नाहीत.

शाळेच्या अकराव्या दिवशी ठमीला न्यूमोनिया झाला. सुईबाई नळ्या घेऊन वॉर्डात आल्या तेव्हा तिच्या नाकाला ऑक्सिजन होता आणि शिंपी उशाशी उभा होता. "नऊशे असताना असं व्हायला नको होतं," डॉक्टर रिपोर्ट चाळत म्हणाले. बाईंनी हातातल्या नळ्या पलंगावर ठेवल्या.

"ते रक्त मी सलाइननंतर काढलं होतं," त्या म्हणाल्या. "पोरीला आणखी टोचवेना. आणि खूण आधीची केली. चूक माझी आहे."

डॉक्टरांनी रिपोर्ट मिटला. शिंप्याने एवढंच विचारलं, "मग खरा किती?"

खरा दोनशे तीस निघाला. सलाइनमधून भरलेलं आतड्यातून गळून जातंय, डोस कितीही वाढवला तरी टिकणार नाही, आणि आता फुप्फुसंही गेली आहेत, असं डॉक्टरांनी शिंप्याला बसवून सांगितलं. त्याने वहीतला नऊशे चाळीस खोडला आणि शेजारी नवा आकडा लिहिला. बाईंना तो एका शब्दानेही बोलला नाही. त्याने चार शिव्या हासडल्या असत्या तर बाईंना बरं वाटलं असतं.

पुढच्या सलाइनच्या दिवशी ठमी पलंगावरच होती. सुईबाईंना पाहून तिने दोन्ही हात पांघरुणात ओढून घेतले.

"मावशी, आजपण नंतर काढ ना," ती म्हणाली. "नंतर काढलं की चांगला येतो. मग शाळेत सोडतात."

"नाही गं बाळा. आधीच काढायचं असतं."

ठमीने त्यांच्याकडे पाहिलं आणि एक हात बाहेर काढला. सुईबाईंनी पट्टा आवळला. शीर पहिल्याच टोचण्यात सापडली.