उजवा गाल

फोटोकाकांनी गाशा गुंडाळायचं जवळजवळ ठरवलंच होतं. एकतीस वर्षं एकाच चिंचोळ्या दुकानात, एकाच स्टुलावर माणसं बसवून ‘मान सरळ, हनुवटी खाली, हसू नका’ म्हणत राहिल्यावर कंटाळायचा हक्क कुणालाही असतो. त्यात हल्ली लोक घरच्या भिंतीला टेकून फोनवरच ओळखपत्राचा फोटो काढत आणि काकांकडे तो फक्त कापून घ्यायला येत. महिनाअखेरीला दुकान सोडायचं आणि मेव्हण्याच्या हार्डवेअरच्या दुकानात जाऊन बसायचं, असा बेत होता. मेव्हणा तसा वाईट नव्हता, पण तो दिवसभर बोलायचा आणि ते सगळं स्वतःबद्दलच असायचं. त्या नुसत्या विचारानंच काकांना थकवा यायचा.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या त्वचेच्या डॉक्टरबाई खाली आल्या.

“काका, अतिनील प्रकाशात चेहऱ्याचा फोटो काढायला जमेल का? उन्हानं कातडीचं झालेलं नुकसान एरवी दिसत नाही, ते त्यात काळ्या डागांसारखं उमटतं. मी घसा कोरडा केला तरी पेशंट ऐकत नाहीत, फोटो बघून तरी ऐकतील.”

“शिकावं लागेल,” काका म्हणाले.

“शिका की. तीन नमुने दाखवा. जमलं तर माझे सगळे पेशंट तुमच्याकडे पाठवते. नाहीतर पंधरा दिवसांनी, सोमवारी संध्याकाळी असे फोटो काढायचं मशीन विकणारा येणारच आहे.”

वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी नवं काही शिकायचं काकांच्या अगदी जिवावर आलं होतं. पण दुसऱ्या पारड्यात मेव्हणा होता.

कॅमेऱ्याच्या पोटात एक काच असते, ती हे किरण आत येऊ देत नाही. कॅमेरा दुरुस्त करणाऱ्यानं ती काढून दिली आणि ‘उद्या काही झालं तर माझ्या नावानं ओरडू नका’ असं बजावलं. नव्या भारी लेन्सही कुचकामी निघाल्या. शेवटी काकांनी माळ्यावरच्या, फिल्मवरून फोटो मोठे करायच्या जुन्या एन्लार्जरची साधी लेन्स उतरवली आणि रिंग लावून कॅमेऱ्याला बसवली. तिच्यापुढे फक्त हेच किरण सोडणारा काळा फिल्टर लावला. त्यातून बघावं तर डोळ्यांपुढे नुसता अंधार. पहिले चाळीस फोटो मिट्ट काळे आले. फ्लॅशच्या तोंडावरचं प्लास्टिकच किरण अडवतंय, हे कळायला चार दिवस गेले. ते काढल्यावर चेहरे दिसू लागले, पण धूसर, कारण फिल्टर लावला की फोकस जरासा सरकतो आणि तो अंदाजानंच जुळवावा लागतो. काकांच्या नाकी नऊ आले. रोज संध्याकाळी ते स्वतःला बजावायचे की उद्या हे खूळ बंद, आणि सकाळी पुन्हा तेच घेऊन बसायचे.

अखेर जमलं. शेजारचा सायकलवाला आणि एक निवृत्त मास्तर बसून गेले. मास्तरांचा चष्मा फोटोत गॉगलसारखा काळा आला, तेव्हा मास्तर बऱ्याच दिवसांनी खूश झाले. तिसऱ्या नमुन्यासाठी काकांनी रविवारी बायकोलाच बसवलं.

काकू बावीस वर्षं एका मोठ्या पार्किंगच्या तिकीट-खिडकीत बसत होत्या. सकाळी आठ ते चार. खिडकी उजव्या हाताला. काकांचा धंदा बसला तेव्हा घर त्या खिडकीवरच चाललं होतं, हे काका कधी नाकारत नसत आणि कधी बोलूनही दाखवत नसत.

“लवकर उरका हो, कंबर धरलीय,” काकू म्हणाल्या.

“डोळे मीट फक्त. फ्लॅश उघडा आहे.”

डोळे मिटायला सांगायची गरजच नव्हती, स्टुलावर बसल्या बसल्या त्यांना डुलकी लागली होती.

फोटो पडद्यावर आला. डावा गाल बराचसा साफ होता. उजवा मात्र कपाळापासून मानेपर्यंत डागांनी भरला होता, मिरपूड सांडावी तसा. त्यांना अपराधी वाटलं. आणि अपराधी वाटलं की माणूस हाताला येतं तेच काम करतो. काकांनी तासभर बसून कॉम्प्युटरवर तो गाल पुसला. मुळात एकतीस वर्षांत त्यांच्या दुकानातून कुणी मुरुमासकट बाहेर गेलं नव्हतं. फोटो द्यायचा म्हणजे साफ करूनच, हे अंगवळणी पडलेलं. सायकलवाला आणि मास्तर तर त्यांनी आधीच पुसून चकाचक केले होते. साफ केलेला फोटो मूळ फोटोवरच साठवायचा, ही त्यांची पद्धत. दोन-दोन प्रतींनी कॉम्प्युटर कशाला भरायचा?

जाग आल्यावर काकूंनी पडदा बघितला. “बघा,” त्या म्हणाल्या, “बावीस वर्षं खिडकीत काढली, पण एक डाग नाही.” त्यांना मनापासून बरं वाटलं होतं. काकांनी तो फोटो छापायला लावला.

सोमवारी सकाळी डॉक्टरबाईंनी तिन्ही फोटो बघितले. “काका, ही माणसं जन्मात उन्हात गेली नाहीत का?”

“साफ करून आणलेत,” काका कौतुकाच्या अपेक्षेनं म्हणाले.

बाई हसल्या, मग त्यांचं हसू मावळलं. “अहो, मला ते डागच हवे होते. मूळ फोटो आणा.”

मूळ फोटो उरलेच नव्हते. मास्तर मुलीकडे गावी गेलेले, सायकलवाला पुन्हा बसायला तयार नव्हता. काका चार वाजता पार्किंगच्या खिडकीशी जाऊन उभे राहिले.

“पुन्हा?” काकू म्हणाल्या. “त्याला काय झालं होतं? चांगला तर आला होता.”

“डॉक्टरांना दुसरा हवाय.”

त्या पाय ओढत आल्या आणि स्टुलावर पुन्हा पेंगल्या. काकांनी फोटो काढला, छापला आणि त्यांना न उठवताच वर नेला.

“हेच,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “मशीनवाल्याला मी नको म्हणून कळवते. गुरुवारपासून पेशंट पाठवते. आणि ह्या बाई कोण आहेत त्यांना आधी माझ्याकडे आणा, गाल नीट तपासायला हवा.”

काका जिना उतरले तेव्हा काकू जाग्या होत्या. हातातला कागद लपवता आला असता, कालचा साफ फोटो टेबलावरच पडला होता. काकांनी हातातला दिला.

काकूंनी तो उजेडाकडे धरला. बराच वेळ बघितला. उजव्या गालावर बोट फिरवलं, आधी कागदावर, मग स्वतःच्या.

“हाच खरा?”

“हो. काल मी पुसला होता.”

“डॉक्टर काय म्हणाल्या?”

“काम मिळालं. तुलाही एकदा तपासायला बोलावलंय.”

“काम मिळणारच,” काकू शांतपणे म्हणाल्या. “बावीस वर्षं लागलीत या फोटोला. आणि मी दमले म्हटलं की तुम्ही म्हणायचात, दिवसभर बसून तर असतेस.”

तसं काका म्हणाले होते. एकदा नाही, पुष्कळदा.