सगळ्यात स्पष्ट चित्र

१४ डिसेंबर, रविवार. हातांना तेल चोळून गराडू सोलायला बसले होते. तेल न लावता हा कंद सोलला तर बोटं अशी खाजतात की दुसरं काही सुचत नाही. तेवढ्यात माझी पीएचडीची विद्यार्थिनी लॅपटॉप छातीशी धरून दारात उभी.

"मॅडम, मंगळवारचा सेमिनार कॅन्सल करून टाकू? रिपोर्ट आला. माझा मॉलिक्यूल बिलकुल चालला नाही."

"आधी चप्पल काढ. मग हाताला तेल लाव आणि सुरी घे."

तिचं काम नर्व्ह एजंटवरच्या उताऱ्याचं. युद्धातलं हे विष आणि शेतातली काही कीटकनाशकं एकाच जातीची. शरीरातल्या एका एन्झाइमला ती चिकटतात. मग स्नायू आखडतात, श्वास थांबतो. उताऱ्याने त्या एन्झाइमच्या अरुंद खाचेत उतरून विष उपटून काढायचं. खाचेत कुठला अणू कुठे आहे, हे एन्झाइमच्या स्फटिकावर क्ष-किरण टाकून मिळवलेल्या रचनेवरून कळतं. अशीच एक रचना घेऊन तिने रेणू बेतला होता. कॉम्प्युटरवर तो झकास बसला. परीक्षानळीत मात्र विष जागचं हललं नाही.

कमिटीपुढचा हा सेमिनार रद्द झाला तर प्रबंध पुढच्या सत्रात जाणार होता, आणि फेलोशिप तोवर टिकणार नव्हती.

"स्ट्रक्चर कुठलं घेतलंस?"

"सबसे साफ वालं, मॅडम. एकेक अणू मोती जैसा दिसतो."

आमच्या धंद्यातली ही सवयच. सगळ्यात स्पष्ट चित्र उचलायचं.

"त्यात विष बसलेलं आहे?"

तिची सुरी थांबली. "नाही. एन्झाइम रिकामं आहे."

विष बसलेल्या एन्झाइमचीही रचना होती. जरा धूसर, म्हणून तिने बाजूला ठेवलेली. मी कढई चढवली तोवर तिने दोन्ही रचना एकावर एक ठेवून पाहिल्या. विष बसलं की खाचेतला एक भाग वळतो आणि वाट आणखी चिंचोळी होते. तिच्या रेणूचं शेपूट नेमकं तिथे अडत होतं.

"हे राम!" ती हसायलाच लागली. "उघड्या दाराचं माप घेतलं, आणि अर्ध्या बंद दारातून सोफा नेत होते!"

गराडू तळून झाले तसा नवरा लिंबू-मसाला घेऊन आला. आमच्या गावातल्या सगळ्यांसारखा तोही कोणालाही 'भिया', म्हणजे भाऊ, म्हणतो. "गराडू थंड झाले तर त्याला उतारा नाही, भिया."

"रेणू का फसला आणि आता कसा बदलणार, तेच सांग सेमिनारमध्ये," मी म्हटलं.

"कमिटी मला धुऊन काढेल, मॅडम."

"काढू दे. स्वच्छतेत आपल्या शहराचा नंबर देशात पहिलाच असतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर विभागात गेले. कोणी येण्याआधी मोठा कॉम्प्युटर अडवला, शेपूट आखूड केलेला रेणू धूसर रचनेत बसवून पाहायला लावला, आणि मंगळवारसाठी सेमिनार हॉलची किल्ली मागून घेतली.