कार्बनचा एक थर

तिसगावच्या स्टँडवर नगरची गाडी लागली, तेव्हा आई शेजारी उभ्या बाईला सांगत होती, "पोरगी जपानला चाललीय. कोळसा शिकाया." बाई हसली. आई मात्र गंभीर होती. कोळसा, पेन्सिलीतलं शिसं आणि हिरा, तिन्ही कार्बनच, आणि आता त्याचं आणखी नवं रूप सापडलंय, हे मी समजावलेलं तिनं नीट लक्षात ठेवलं होतं.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती ती. वडील मी लहान असतानाच गेले. आईनं लोकांच्या रानात कांदे काढून, बाजरी खुडून मला आणि दादाला वाढवलं. मी नगरला बी.एस्सी. केलं, पुण्याला एम.एस्सी., आणि मग ही शिष्यवृत्ती मिळाली. गाडी हलली तशी ती खिडकीशी आली. "थंडी लई असतीया म्हनं तिकडं. डोकं झाकीत जा." ती रडली नाही. मी करंजीच्या घाटापर्यंत रडत होते.

जपानमधल्या सेंदाई शहरात माझी घरमालकीण घरातल्या बुद्धमूर्तीपुढे रोज भात ठेवायची. "तुम्ही किती पिढ्यांपासून बौद्ध?" तिनं विचारलं. "आजोबांपासून," मी म्हटलं. तिला नवल वाटलं. आजोबांनी हा धर्म स्वतः निवडला, हे माझ्या मोडक्या जपानीत सांगायला सगळी संध्याकाळ गेली.

प्रयोगशाळेत हेलियम भरलेल्या भांड्यात ग्रॅफाइटच्या, म्हणजे पेन्सिलीतल्या त्या शिशाच्या, दोन कांड्यांमध्ये विजेची ठिणगी पाडायची, टोकाशी जमलेलं काळं खरवडायचं आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. पहिला हिवाळा नुसती ढेकळं दिसली. मग एकदा नळी दिसली. कार्बनच्या पातळ पत्र्याची गुंडाळी, केसाहून हजारो पटींनी बारीक! रविवारी गावातल्या एसटीडी बूथवर आई आली, तेव्हा मी भडाभडा सांगितलं.

"त्याचा उपेग काय?"

"अजून माहीत नाही."

"मंग कुनाला म्हाईत हाय?"

"कुणालाच नाही, आई."

"मंग बरं हाय. समद्यांचीच पाटी कोरी."

मला वेगळाच छंद लागला. नळी म्हणजे गुंडाळी, तर उलगडलेला, एका अणूएवढ्या जाडीचा सपाट थर मिळेल का? सेन्सेई, म्हणजे आमचे प्राध्यापक, म्हणाले, "असा थर एकटा टिकणार नाही, गुंडाळला जाईल, असं सिद्धांत सांगतो. पण करून बघ." दर शनिवारी मी ग्रॅफाइट घासून त्याचे पापुद्रे काढायचे. सगळे जाडच निघायचे.

शिष्यवृत्ती संपत आली आणि नगरच्या एका कॉलेजातून कायमच्या नोकरीचं बोलावणं आलं. दादा नोकरीला बाहेरगावी होता, तो म्हणाला, "आता ये. आई एकटी किती दिवस राहील?" सेन्सेईंनी आणखी दोन वर्षं देऊ केली, पुढची हमी नाही. येते, असं सांगायलाच मी फोन केला.

"तुजं बघून झालं का?" आईनं विचारलं.

"नाही झालं."

"मंग अर्धं रान टाकून कशाला येतीस?"

मी राहिले. दोनाची कितीतरी वर्षं झाली. तो एकच थर माझ्या हाती कधी लागला नाही. पुढं दुसऱ्या देशातल्या लोकांनी साध्या चिकटपट्टीनं ग्रॅफाइटचे पापुद्रे उचलून तो मिळवला. ते वाचून मी एकटीच मोठ्यानं हसले. वाईट वाटलं नाही. वर्षानुवर्षं अडून बसलेलं दार कसं उघडलं, ते बघायला मिळालं होतं.

त्याच्या बरीच वर्षं आधी, शतक संपता संपता, आई एकदा सेंदाईला आली. सूक्ष्मदर्शकाच्या अंधाऱ्या खोलीत पडद्यावर ग्रॅफाइटच्या थरांच्या समांतर रेघा उमटल्या. ती पुढं वाकली. "नांगरानं तासं धरल्यावानी दिसतंय. मधी काय हाय?"

"काही नाही."

"मंग एकाला एक धरून कशानं ऱ्हातंय?"

मी सांगत राहिले, तिचे प्रश्न संपेनात. सेन्सेई आमच्यासाठी चहा ठेवून गेले, तो गार झाला.

घर कुठलं, असं कुणी विचारलं की मी आजही तिसगावच सांगते. गावी गेले की सगळे विचारतात, कधी आलीस, कधी जाणार? आईला आता ऐकू कमी येतं. ती मला जवळ बसवते, कान पुढं करते आणि म्हणते, "नवं काय दिसलं, सांग." तिथं मी घरी पोचलेली असते.